शँटी : एक खोपट आणि एक गाणे

मी शिक्षणाने मॅट्रिक, धंद्याने मास्तर, आणि खोड म्हणाल तर कादंबऱ्या लिहिण्याची. भाषाशास्त्रात माझा अधिकार काहीच नाही. पण रोज चाळीस-पन्नास मुलांपुढे उभे राहून ज्याला शब्दांचे अर्थ सांगावे लागतात, त्याची आणि शब्दांची एक घरगुती ओळख होऊन जाते. तेवढ्याच शिदोरीवर हा लेख लिहीत आहे.

नववीच्या इंग्रजीच्या तासाला 'शँटी' हा शब्द आला. मी फळ्यावर अर्थ लिहिला : खोपट, मोडकीतोडकी झोपडी. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, मग त्या खलाशांच्या गाण्याला शँटी का म्हणतात?" हा मुलगा एरवी तासभर तोंड उघडत नाही. पण नेथन इव्हान्स या स्कॉटलंडमधल्या पोस्टमनने 'वेलरमन' हे जुने गाणे म्हटले, आणि २०२१ च्या जानेवारीत ते मोबाइलवरून साऱ्या जगभर गेले, ते त्यालाही पाठ होते. (ते गाणे न्यूझीलंडकडच्या देवमाशांच्या शिकाऱ्यांचे. जाणकारांच्या मते ती शँटी नव्हेच. कारण त्याच्या तालावर कोणी दोर ओढीत नसे. असो.) मी त्याला म्हटले, "बघून सांगतो." मास्तरांच्या 'बघून सांगतो'ला मुले काय किंमत देतात हे मला ठाऊक आहे. पण या वेळी मी खरोखरच बघत बसलो, आणि ते बघणे वर्षभर पुरले.

इंग्रजी कोशांत हे दोन शब्द दोन वेगळे आकडे देऊन एकाखाली एक बसवलेले असतात. आगगाडीच्या बाकावर दोन अनोळखी उतारू बसावेत तसे. एक झोपडी, दुसरे गाणे. उच्चार एक, बरेचदा लेखनही एक, आणि तरी एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असे कोशकार बजावतात. कोशकारांचे म्हणणे बहुधा बरोबर असेल. पण हे दोन उतारू एकाच स्टेशनावर तर चढले नाहीत ना, ही शंका माझ्या मनातून जाईना.

आधी झोपडीचे बघू. हा शब्द इंग्लंडचा नव्हे; तो अमेरिकेत जन्मला. १८२० साली ओहायो भागात हिंडणाऱ्या झेराह हॉले या प्रवाशाने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे, की इथले लोक ज्यात राहतात त्याला ते शँटी म्हणतात. सुमारे दहा फूट लांब, आठ फूट रुंद, आणि रूप गुरांच्या गोठ्याचे. हा या शब्दाचा अगदी जुन्यातला लेखी दाखला. आता जो शब्द प्रवाशाला मुद्दाम समजावून सांगावासा वाटला, तो स्थानिकांच्या तोंडी त्याआधी काही काळ रुळलेला असणार हे उघड आहे.

तो आला कोठून? बहुतेक पंडितांचे बोट कॅनडाकडे जाते. तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या लाकूडतोड्यांचा शब्द 'शांतिये'. फ्रान्समध्ये त्याचा अर्थ लाकडाची वखार, किंवा जहाज बांधण्याचे आवार. कॅनडाच्या रानात त्याचा अर्थ झाला लाकूडतोड्यांचा तळ. या फ्रेंच शब्दाची आजी लॅटिन 'कांतेरियुस', आणि तिची गोष्ट मोठी गमतीची आहे. कांतेरियुस म्हणजे मूळचा ओझ्याचा, मरतुकडा घोडा. मग जे जे भार पेलते त्याला ते नाव मिळाले : छपराचा वासा, वेलीचा मांडव, लाकूड ठेवण्याचा टेकू. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपला सुतार फळी ज्यावर ठेवून कापतो ती घोडीच, आणि तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तीही घोडीच. ओझे वाहणाऱ्या जनावराचे नाव ओझे वाहणाऱ्या लाकडाला देण्याची बुद्धी रोमच्या आणि आपल्या कारागिरांना निरनिराळी सुचली.

कॅनडातला हा लाकडाचा व्यापार एकाएकी फुगला तो नेपोलियनमुळे. १८०६ साली त्याने इंग्लंडची व्यापारी कोंडी जाहीर केली आणि बाल्टिक समुद्राकडून इंग्रजांना मिळणाऱ्या लाकडाची वाट बिकट झाली. इंग्रजी आरमार लाकडावर तरंगत होते. तेव्हा नजर वळली कॅनडाच्या पाइनवृक्षांकडे. त्याच वर्षी फिलेमन राइट याने ओटावा नदीतून ओंडक्यांचा पहिला तराफा क्वेबेकला नेला. पुढे दरवर्षी हिवाळा लागला की माणसांच्या टोळ्या रानात शिरत, ओंडक्यांचे एक बसके घर उभारत, आणि बर्फ वितळेपर्यंत त्यात राहत. त्या घराला धुराडे नसे. मधोमध मोठी आगटी, तिच्यावर छपराला भोक. भोवती भिंतींना लागून फळ्यांचे बिछाने. त्यांवर चाळीस-चाळीस गडी. खायला डुकराचे मांस, घेवड्याच्या बिया आणि चहा. या घराचे नाव शँटी, आणि त्यात राहणारा तो शँटीमन. हे नाव ते स्वतःच घेत, आणि ते घेताना त्यांना कमीपणा वाटत नसे. पलटणीतल्या शिपायाने आपल्या बराकीचे नाव सांगावे तसेच ते.

दुसरी उपपत्ती आयर्लंडची. आयरिश भाषेत 'शान' म्हणजे जुने आणि 'ती' किंवा 'ताई' म्हणजे घर. दोन्ही मिळून जुने घर. कानाला हे इतके गोड जुळते की अनेकांना ते पटलेले आहे. मला अडचण एवढीच वाटते, की रानात नव्याने ठोकलेल्या खोपटाला कोणी जुने घर कशाला म्हणेल? शिवाय आयर्लंडमध्येच हा शब्द आधी सापडायला हवा होता. पण म्हणून आयरिश माणसांना या कथेतून बाहेर काढता येत नाही. १८१७ ते १८२५ या काळात ईरी कालवा खोदला गेला, १८२६ ते १८३२ मध्ये रीडो कालवा. दोन्हीकडे आयरिश मजूर मोठ्या संख्येने होते आणि रीडोवर त्यांच्याबरोबर फ्रेंच कॅनेडियनही होते. शेजारच्या फ्रेंच गड्याने 'शांतिये' म्हटले आणि आयरिश गड्याला त्यात आपल्या आईच्या भाषेतले घर ऐकू आले, तर शब्द दोघांचाही झाला. शब्द असा दोन कानांत दोन अर्थांनी शिरतो तेव्हा तो जास्त टिकतो, असा माझा कादंबरीकाराचा अनुभव आहे.

आता गाणे. दोर ओढताना एकसाथ आवाज काढणे हे जहाजाइतकेच जुने असले पाहिजे. स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकाच्या मध्याला लिहिलेल्या एका ग्रंथात खलाशांचे असे हाकारे टिपलेले आहेत. तथापि आज ज्यांना शँटी म्हणतात ती गाणी मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली. त्याचे कारण संगीताचे नाही, जमाखर्चाचे आहे. राजाच्या आरमारात माणसांची चंगळ असे. तिथे काम मुकाट्याने, शिट्टीच्या इशाऱ्यावर किंवा फार तर फिडलच्या सुरावर चाले, गाण्याला परवानगी नव्हती. उलट व्यापारी जहाजाच्या मालकाला प्रत्येक खलाशाचा पगार खुपत असे. १८१८ साली न्यूयॉर्क-लिव्हरपूल मार्गावर ठरल्या तारखेला सुटणारी ब्लॅक बॉल कंपनीची जहाजे सुरू झाली, आणि थोड्या माणसांकडून पुष्कळ काम, तेही घाईने, काढणे हा धंद्याचा नियमच झाला. जी माणसे पगारावर घ्यायची नाहीत त्यांची जागा गाण्याने भरून काढायची. चांगले गाणे म्हणजे दोरावर दहा गडी जास्त, असे खलाशी म्हणत. मालकाला हे दहा गडी फुकटात पडत.

कामे निरनिराळी, म्हणून गाणीही निरनिराळी. शीड चढवण्याचा दोर झटक्याझटक्याने ओढायचा असतो. तिथे पुढचा गायक एक ओळ म्हणे. त्या ओळीत बाकीचे दम घेत. मग सर्वांनी मिळून ध्रुपद उचलायचे, आणि त्यातल्या ठरलेल्या दोन अक्षरांवर दोन झटके. नांगर उचलण्याचा उभा रहाट मात्र दांडे धरून गोल फिरत ढकलायचा. तिथे चालण्याचे लांबलचक गाणे लागे. लाकडी जहाजात पाणी झिरपायचेच, म्हणून पंपावरची गाणी वेगळी. काम नसताना ही गाणी कोणी म्हणत नसे. विसाव्याच्या वेळेला खलाशांची दुसरी गाणी होती. आपल्याकडे दळण संपल्यावर जात्यावरची ओवी कोणी म्हणत बसत नसे, किंवा भलरी शेतातच शोभते, तसेच हे.

ओवीची आठवण आणखी एका कारणाने होते. शँटीमनला एक मुभा होती. कप्तान दुष्ट आहे, बिस्किटांत किडे आहेत, पगार बुडवला जातो, हे सगळे त्याने ओळीत घालून मोठ्याने म्हटले तरी त्याला शिक्षा होत नसे. तेच शब्द गाण्यावाचून बोलला तर बंडखोर ठरला असता. सासुरवाशिणीने सासूचे गाऱ्हाणे जात्यावर बसूनच सांगावे. जाते फिरते आहे तोवर ते ऐकलेच नाही असे सगळ्या घराने धरून चालावे, हा व्यवहार मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

पण या गाण्यांना शँटी हे नाव कोणी दिले? इथे मात्र गोष्ट समुद्र सोडून गोदीत येते, आणि माझ्या मते सगळे मर्म इथेच आहे. १८४० साली प्रसिद्ध झालेल्या रिचर्ड हेन्री डेना याच्या खलाशी-जीवनावरच्या गाजलेल्या पुस्तकात अशा गाण्यांचे वर्णन भरपूर आहे. शँटी हा शब्द मात्र कोठेही नाही. तो छापलेला दिसतो १८५६ च्या सुमारास, चार्ल्स नॉर्डहॉफ या माजी खलाशाच्या आठवणींत. आणि तोही जहाजावरच्या कामाबद्दल नव्हे, तर अमेरिकेच्या दक्षिणेकडील मोबील बंदरात कापूस भरण्याबद्दल. कापूस हलका आणि फुगीर. जहाजाच्या पोटात गासड्या नुसत्या रचल्या तर जागा फुकट जाते. म्हणून पाच-पाच जणांची टोळी मोठे लोखंडी स्क्रू लावून गासड्या दाबी आणि जिथे जागाच नाही तिथे आणखी एक गासडी घुसवी. टोळीचा मुकादम ओळ म्हणे, बाकीचे ध्रुपद म्हणत आणि ध्रुपद संपताच स्क्रूच्या दांड्याला हिसका देत. या गाण्याला तिथे 'चँटिंग' म्हणत आणि मुकादमाला 'चँटीमन', असे नॉर्डहॉफ सांगतो.

नॉर्डहॉफने पाहिलेल्या टोळ्या बहुतेक इंग्रज-आयरिश खलाशांच्या होत्या. पण गाण्याची ही रीत त्यांची नव्हे. एक म्हणणार, बाकीचे उत्तर देणार, आणि उत्तराबरोबर अंग कामाला लागणार, ही पद्धत कापसाच्या शेतांत, नदीवरच्या बोटींवर आणि गोद्यांत काळ्या मजुरांनी आणली होती. त्यांतले कितीतरी गुलाम होते. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८३८ च्या अखेरीस याच मोबीलमध्ये कापूस दाबणाऱ्यांची गाणी ऐकून लिहून ठेवली आहेत. गोरे खलाशी हिवाळ्यात या उबदार बंदरांत उतरत, काळ्या टोळ्यांच्या शेजारी काम करत, त्यांची गाणी उचलत, आणि वसंतात जहाजावर चढताना ती बरोबर नेत. गाणे गोदीतून समुद्रावर गेले. समुद्रावरून गोदीत आले नाही.

आणि आता माझी ती शंका. सेंट लॉरेन्स नदी हिवाळ्यात गोठते. क्वेबेकच्या गोदीत लाकूड भरणारे आयरिश मजूर त्या दिवसांत रिकामे होत, आणि त्यांतले पुष्कळ जण मोबील, सव्हाना, न्यू ऑर्लिअन्सच्या गोद्यांत कापूस भरायला जात. म्हणजे उन्हाळ्यात ज्याच्या कानावर शँटी म्हणजे लाकूडतोड्यांचे घर, त्याच माणसाच्या तोंडी हिवाळ्यात शँटी म्हणजे स्क्रूवरचे गाणे. लाकूडतोडे शँटीमन, आणि कापूस दाबणाऱ्या टोळीचा गायकही शँटीमन. कोशात जे दोन शब्द एकमेकांना ओळखत नाहीत, ते निदान या माणसाच्या डोक्यात एका पांघरुणाखाली झोपत होते. यावरून एक शब्द दुसऱ्यातून निघाला असे सिद्ध होत नाही, हे मला कळते. फ्रेंच भाषेतल्या 'गा' या आज्ञेवरून गाण्याचा शब्द आला असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि न्यू ऑर्लिअन्सला फ्रेंच बोलली जात होती हेही खरेच. तिसरी उपपत्ती वेस्ट इंडीजची : तिथे लाकडी खोपटे उचलून दुसरीकडे नेण्याचा रिवाज होता, घराला दोर बांधून सारा गाव ओढी आणि गाणारा छपरावर बसून ओळ सांगे, म्हणून घराचे नाव गाण्याला मिळाले. ही कथा खरी असावी असे मनापासून वाटते, आणि नेमक्या याच कारणासाठी मी तिच्यावर विश्वास ठेवीत नाही.

पुढे वाफेची जहाजे आली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि शिडांचे दिवस मोजकेच उरले. गाणी मरू लागली तेव्हा सभ्य मंडळींना ती आठवली. १८८७ मध्ये डेव्हिस आणि टोझर यांनी ती पियानोच्या साथीसह छापली, म्हणजे दिवाणखान्यात म्हणता यावीत. अर्थात त्यातले शिव्या-शृंगाराचे शब्द गाळून. १९१४ मध्ये सेसिल शार्प यांनी संग्रह काढला. त्यांना बरीच गाणी सॉमरसेटमधल्या वॉचेट गावच्या जॉन शॉर्ट या म्हाताऱ्या खलाशाने सांगितली. त्याला गावात 'यांकी जॅक' म्हणत. शार्प यांनी शब्द फ्रेंच वळणाने, 'च'च्या रोमन अक्षरांनी लिहिला. १९२१ मध्ये रिचर्ड टेरी यांनी त्यावर हरकत घेतली. टेरी चर्चच्या संगीताचे मोठे अधिकारी, पण आजोळ खलाशांचे. त्यांचे म्हणणे साधे होते : ज्यांची ही गाणी ते 'श' म्हणतात, तर 'श'च लिहा.

वाद एका अक्षराचा. पण फ्रेंच वळणाने लिहिले की शब्द पॅरिसहून आल्यासारखा दिसतो, आणि साधा लिहिला की तो खोपटाशेजारी जाऊन बसतो. गुलामांच्या गोदीतून आलेल्या गाण्याला कोणत्या दाराने आत घ्यायचे, हाच तो प्रश्न होता. स्टॅन ह्यूगिल हा स्वतः शिडाच्या जहाजांवर शँटीमन होता. १९२९ साली फुटलेल्या 'गार्थपूल' या ब्रिटिशांच्या शेवटच्या मोठ्या शिडाच्या मालजहाजावर तो होता. त्याने १९६१ मध्ये आपला प्रचंड संग्रह काढला, तेव्हा वेस्ट इंडीजच्या काळ्या खलाशांकडून गाणी शिकल्याचे त्याने मोकळेपणाने नोंदवले. दोर ओढलेल्या माणसाला हे सांगण्यात संकोच वाटला नाही.

आपल्या लोकांचा या गाण्यांशी संबंध थोडा बाजूचा. रत्नागिरीकडचे खलाशी इंग्रजांच्या जहाजांवर होते, पण त्यांच्या टोळ्या वेगळ्या, सारंग वेगळा, हाकारेही वेगळे. त्यांच्या मिश्र बोलीचा कोश टॉमस रोबक याने १८११ मध्येच कलकत्त्यात छापला. त्या बोलीतला एक शब्द आजही ऐकू येतो : मुंबईत क्रेनखाली उभा असलेला गडी ओझे खाली सोडताना 'आऱ्या, आऱ्या' ओरडतो. पोर्तुगीज भाषेत 'आरियार' म्हणजे खाली सोडणे. त्या गड्याला हे माहीत असण्याचे कारण नाही, आणि त्यावाचून ओझे अडतही नाही.

गाण्याचे झाले; घराचे राहिले. रानातल्या शँटीमनला जे नाव अभिमानाचे होते ते शहरात आल्यावर बिघडले. तिथे ते राहणाऱ्याच्या तोंडून बघणाऱ्याच्या तोंडी गेले. आमच्याकडे हाच प्रकार आहे. माझ्या वर्गातली पाच-सहा मुले जिथून येतात त्या जागेला ती स्वतः नगर म्हणतात, नगराला एखाद्या थोर पुरुषाचे नाव असते. बाहेरचा माणूस त्याला झोपडपट्टी म्हणून मोकळा होतो.

न्यूयॉर्क शहराच्या मधोमध सेंट्रल पार्क हे विस्तीर्ण उद्यान आहे. त्याच्या पश्चिम अंगाला एके काळी एक गाव होते, सेनेका व्हिलेज. १८२५ मध्ये अँड्र्यू विल्यम्स या पंचवीस वर्षांच्या काळ्या तरुणाने, जो जोड्यांना पॉलिश करण्याचा धंदा करी, १२५ डॉलर देऊन तिथे जमिनीचे तीन तुकडे घेतले. त्याच्यामागून इतर आले. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये काळ्या पुरुषाला मत द्यायचे तर २५० डॉलरची मालमत्ता नावावर लागे. तेव्हा जमीन म्हणजे नुसती जमीन नव्हती. १८५५ च्या शिरगणतीत गावात सुमारे सव्वादोनशे माणसे होती. दोन-तृतीयांश काळी, बाकीची बहुतेक आयरिश. तीन देवळे होती, शाळा होती. उद्यानाचा बेत ठरला तेव्हा वर्तमानपत्रे लिहू लागली की तिथे फुकट ठाण मांडून बसलेले लोक शँट्यांमध्ये राहतात. ज्यांच्याकडे खरेदीखत होते तेही त्या एका शब्दात बुडाले. १८५७ मध्ये गाव उठवले गेले, घरे पाडली गेली आणि वर माती टाकून झाडे लावली गेली. नॉर्डहॉफचे पुस्तक निघाले त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट.

२०११ साली पुरातत्त्वज्ञांनी तिथे खणले. विल्यम विल्सन या देवळाच्या सेवकाचे घर जिथे होते तिथे दगडी पाया लागला. मातीतून चहाची लोखंडी किटली निघाली, मांस भाजायचे तसराळे निघाले, चीनहून आलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे निघाले, आणि एक लहानसा जोडा निघाला. तळ चामड्याचा, वर कापड.